वर की खाली? बाबांबरोबर लिस्बन

मोबाइलवरचा नकाशा लिस्बनमध्ये एक गोष्ट लपवतो, ती म्हणजे चढ. ‘चालत सात मिनिटं’ असं तो बिनधास्त सांगतो. ती सात मिनिटं म्हणजे एखादा जिनाच असतो, गल्लीच्या नावाने खपवलेला. पायऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी घासून काचेसारख्या झालेल्या. त्यामुळे इथे रस्ता विचारताना ‘किती लांब?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. ‘वर की खाली?’ असं विचारायचं.

आम्हाला हे विचारावंच लागणार होतं, कारण बरोबर बाबा होते. वय सत्याहत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा त्याच वाटेवर. बाबा मूळचे मडगावचे, १९४८ चा जन्म. म्हणजे गोवा मुक्त झाला तेव्हा तेरा वर्षांचे. त्या काळच्या अनेक हिंदू घरांतल्या मुलांसारखी त्यांचीही दोन शाळांची कसरत चालायची. एक मराठी शाळा आणि एक पोर्तुगीज ‘प्रिमेर ग्राव’. तिथे त्यांनी मांडवी-जुवारीच्या आधी पोर्तुगालच्या नद्या पाठ केल्या. पुढे मुंबईत बँकेत नोकरी, गिरगावात संसार, पोर्तुगीज भाषा बहुतेक विसरली, नद्या मात्र पाठच राहिल्या. आई गेल्यावर एकदा म्हणाले, “तेझू नदी बघायची आहे एकदा. तिच्यासाठी छड्या खाल्ल्यात.” लिस्बन तिच्याच काठावर. २०२५ च्या जूनमध्ये मी, अनघा आणि बाबा निघालो.

व्हिसाचं फार सांगत नाही, शेंगेनचं, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचं, सगळीकडे सारखंच असतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मोठ्या माणसाची फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालायला हवा. बोटांचे ठसे द्यायला बाबांना स्वतः जावं लागलं. गंमत म्हणजे गोव्याच्या प्रत्येक नातेवाइकाने एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला व्हिसा कशाला? १९६१ च्या १९ डिसेंबरच्या आधी जन्मलात ना, पासपोर्टच काढा की पोर्तुगालचा!” खरंच आहे ते. त्या तारखेआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो हक्क सांगता येतो, आणि हजारोंनी तो बजावलाही आहे. पण मग भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं. बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, “नदी बघायला जातोय, राहायला नाही.”

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नव्हतं. आम्ही आखातातून गेलो. व्हीलचेअरवरून घरात थोडी खडाजंगी झाली, कारण बाबांच्या मते व्हीलचेअर म्हणजे म्हातारपणाची जाहीर घोषणा. पण ज्यांच्याबरोबर ज्येष्ठ माणूस आहे त्यांनी हा वाद जिंकावाच. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत फुकट मिळते, फक्त किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवून ठेवायचं. लिस्बनला पासपोर्ट तपासणीची रांग वळसे घेत मागपर्यंत गेलेली होती, आणि खुर्ची ढकलणाऱ्या मुलीने आम्हाला तिघांनाही बाजूच्या दारातून पुढे नेलं. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने बाबांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ वाचलं, मान वर केली आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं. बाबांनी ताठ बसून “सीं, सेन्योर” म्हटलं. प्रश्न काय होता ते त्यांना अजून माहीत नाही.

पोर्तुगालमध्ये या बाबतीत कायदाच आहे, २०१६ चा. दिव्यांग, गरोदर बाया, तान्हं मूल घेतलेली माणसं आणि चालण्या-उभं राहण्यात स्पष्ट अडचण असलेले पासष्टीपुढचे लोक यांना काउंटरवर आधी घ्यावंच लागतं. तिकीटघर, सुपरमार्केट, सरकारी कचेरी, सगळीकडे. बाबांची काठी दिसली की रांगेतलेच लोक हाताने ‘पुढे या’ करत. सुरुवातीला त्यांना संकोच वाटायचा. नंतर नंतर ते रांग दिसली की जरा जास्तच लंगडायला लागले.

विमानतळ शहरातच म्हणावा इतका जवळ आहे आणि मेट्रो इमारतीला लागूनच. स्टेशनच्या भिंतींवर पोर्तुगालच्या नामवंतांची काळ्या-पांढऱ्या दगडातली अर्कचित्रं आहेत, मान वर करून बघावीत अशी. आधी मशिनवर कार्डं घ्यायची. ‘नावेगांत’ नावाचं हे पुठ्ठ्याचं हिरवट कार्ड अर्ध्या युरोला मिळतं आणि प्रत्येक माणसाचं वेगळं लागतं. एका कार्डावर तिघं जाऊ शकत नाहीत. त्यावर एक तर सुटं तिकीट भरायचं, नाहीतर चोवीस तासांचा पास, नाहीतर नुसते पैसे, ज्याला तिथे ‘झॅपिंग’ म्हणतात. आम्ही झॅपिंग घेतलं, कारण तेच कार्ड मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि नदीवरच्या बोटीलाही चालतं. ट्राममध्ये चालकाकडून रोख तिकीट घेतलंत तर तीन युरोंच्या वर जातात, कार्डावर दोनच्या आत काम होतं. मेट्रोत बाहेर पडतानाही कार्ड लागतं, तेव्हा आत गेल्यावर ते सामानाच्या तळाशी टाकू नका. लाल लाइनने आलामेदा, तिथे हिरवी लाइन धरून रॉसियो, एवढा सरळ प्रवास. जुन्या स्टेशनांपैकी काहींना लिफ्ट नाही, हे मात्र निघण्याआधी मेट्रोच्या नकाशावर बघून ठेवावं.

मुक्कामाची जागा हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. अनघाला अल्फामात राहायचं होतं. जुनं शहर, वाळत घातलेले कपडे, खिडक्यांतून फादोचे, म्हणजे तिथल्या विरहगीतांचे, सूर वगैरे. मी बाइशावर अडून बसलो. बाइशा म्हणजे टेकड्यांच्या मधला सखल भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यामागून आलेल्या लाटांत आणि आगीत हा भाग साफ झाला. मार्केश द पोंबाल या मंत्र्याने तो नव्याने वसवला, रस्ते पट्टी लावून आखल्यासारखे सरळ, इमारतींच्या भिंतींत भूकंप सोसायला लाकडी चौकटींचा पिंजरा. पर्यटकाला त्यातलं एवढंच कळतं की इथे चढ नाही. सकाळी खाली उतरून बाबा एकटे चौकात जाऊन कॉफी पिऊन येऊ शकतात. आणखी एक, खोली घेताना ‘लिफ्ट आहे का’ हे नुसतं वेबसाइटवर बघू नका, फोन करून विचारा. जुन्या इमारतींत तिसरा मजला म्हणजे वळणावळणाचा लाकडी जिना.

आता चढायचं कसं, ते सांगतो. या शहरात वर जायच्या चोरवाटा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फुकट आहेत.

पहिली वाट बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनची. आल्वारु सीझा या नामांकित वास्तुकाराचं हे काम. याचं एक तोंड खाली बाइशात, दुसरं वर शियादूच्या चौकात. मधले लांबलचक सरकते जिने तिकिटाच्या फाटकांच्या बाहेरून जातात. म्हणजे मेट्रोत बसायचंच नाही, एका दारातून आत शिरायचं, जिन्यांवर उभं राहायचं आणि दुसऱ्या दारातून टेकडीवर निघायचं. बाबांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वर पोचल्यावर मागे वळून विचारलं, “पैसे कोणी घेतले नाहीत?” तिथल्या आज्याही भाजीच्या पिशव्या घेऊन असंच करतात.

दुसरी वाट किल्ल्याची. साव जॉर्जचा किल्ला बाइशातून मान वर केली की दिसतो, आणि रस्त्याने चढायचा म्हटलं तर तरुण माणसाचीही फे-फे उडते. पण रुआ दुश फांकैरुश नावाच्या रस्त्यावर एक साधी इमारत आहे, तिच्यात महापालिकेची लिफ्ट. ती वरच्या रस्त्यावर सोडते. तो ओलांडून थोडं चाललं की एक सुपरमार्केट लागतं, त्या इमारतीत दुसरी लिफ्ट, ती थेट किल्ल्याखालच्या रस्त्यावर. दोन्ही फुकट. तिथून फाटकापर्यंत थोडा चढ राहतो, पण सोसवतो. तेवढाही नको असेल तर प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस धरायची. गल्ल्यांत मावावी म्हणून मुद्दाम आखूड ठेवलेली बस आहे. तिने किल्ल्यापर्यंत जायचं आणि लिफ्टने खाली यायचं, हा आमचा बेत जमून गेला.

सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट (१९०२) मी सुचवणार नाही. दिसायला देखणी आहे, ४५ मीटर उंच, रात्री दिव्यांत तर फारच. पण खाली उन्हात तास-तास रांग लावून, भरपूर पैसे मोजून जिथे पोचतो तिथे मघाचा सरकता जिनाही थोडं चालून पोचवतो.

ग्लोरिया ही १८८५ ची, उतारावर दोरीने ओढली जाणारी पिवळी गाडी. आम्ही गेलो तेव्हा ती चालू होती आणि आम्ही तिच्यात बसलोही. बाबा लाकडी बाकावर, मी दांडीला धरून. दोन-तीन मिनिटांचा प्रवास, वर पोचल्यावर बाग आणि समोर सगळं शहर. ३ सप्टेंबर २०२५ ला तिचा दोर सुटला आणि गाडी घसरून वळणावरच्या इमारतीवर आदळली. १६ माणसं गेली. बातमी बाबांनीच टीव्हीवर पाहिली आणि मला ऑफिसात फोन केला. त्यानंतर शहरातल्या अशा बाकीच्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. आता जाणाऱ्यांनी काय चालू आहे ते निघण्याआधी बघून घ्यावं. त्या टेकडीवर जायला शियादूच्या सरकत्या जिन्यांनंतर कामोइंश चौकातून २४ नंबरची ट्राम आहेच.

ट्रामचा विषय निघालाच आहे तर २८ बद्दल. लिस्बनचा कुठलाही फोटो काढून बघा, त्यात ही पिवळी ट्राम असते. मार्तिम मोनीझपासून कांपू द ओरीकेपर्यंत, टेकड्या चढत-उतरत. माझं मत विचाराल तर बघावी, पण बसण्याचा हट्ट धरू नये. सकाळी नऊनंतर पहिल्याच थांब्यावर रांग असते, मधल्या थांब्यावर चढाल तर आपली विरारची लोकल, आणि त्या गर्दीत खिसेकापूंची चंगळ. आम्ही सातच्या आधी थांब्यावर गेलो. गाडीत कामावर निघालेली मोजकी माणसं. चालक उभ्यानेच पितळी दांडा फिरवत होता आणि गाडी कण्हत-कुथत चढत होती. अल्फामाच्या एका गल्लीत भिंत इतकी जवळ आली की अनघाने हात आत घेतला. मग एकदम थांबलो. कोणीतरी मोटार रुळाला चिकटवून उभी केली होती. चालकाने घंटा बडवली. पुन्हा बडवली. वरच्या खिडकीतून एक बाई ओरडली, समोरच्या खिडकीतल्या दुसरीने तिला उत्तर दिलं, मग कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून एक माणूस कप हातात धरूनच बाहेर आला, मोटारीचा आरसा आत वळवला आणि चालकाला खुणेने ‘जा’ म्हणाला. ट्राम बोटभर अंतर ठेवून निघाली. माणूस पुन्हा आत गेला. मोटार हलवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. बाबा खूश, “हे अगदी आपल्या गोव्यातलं!”

गर्दीच टाळायची असेल तर १२ नंबरची ट्राम घ्या, ती लहान फेरी मारते आणि जुन्या शहराचा चांगला तुकडा दाखवते.

बेलेमला १५ नंबरच्या ट्रामने गेलो. ही नवी, लांब, चढायला सोपी. रस्ता नदीकाठचा, म्हणून सपाट. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरलं की लगेच वास्को द गामाची कबर, समोरच्या बाजूला कवी कामोइंशची. मठाला तिकीट आहे, चर्चमध्ये नुसतं जाता येतं. दोन्हींच्या रांगा वेगळ्या आहेत, हे तिथे कोणी धड सांगत नाही. वास्को १५२४ मध्ये कोचीत वारला, अवशेष नंतर इकडे आणले. जुन्या गोव्याच्या कमानीवर त्याचा पुतळा उभा आहे, तो बाबांनी लहानपणापासून पाहिलेला. इथे दगडात हात जोडून पहुडलेला वास्को त्यांनी बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाले, “मास्तर सांगायचे त्या मानाने लहानखुराच आहे.” बाहेर पुढच्या बागेत उंच खांबावर गोवा जिंकणारा आफोंसो द आल्बुकेर्क. त्याचा एक पुतळा पूर्वी पणजीत होता, आता जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये आहे. शत्रू म्हणावं की शाळेतला ओळखीचा म्हणावं, हे बाबांचं काही ठरत नव्हतं. त्यांनी त्याच्या खांबाच्या सावलीत बसून पाश्तेल, म्हणजे तिथलं कस्टर्ड भरलेलं पेस्ट्रीचं टार्ट, खाल्लं, दालचिनी भुरभुरवून, आणि एक आणखी मागितलं.

गोव्याचे धागे इतरत्रही सापडतात, शोधायला लागत नाहीत. साध्या कॉफीच्या दुकानाच्या काचेत कॉड माशाच्या वड्यांशेजारी ‘शामुसा’ असतो. आपला सामोसाच, आकाराने लहान, बहुधा खिम्याचा, म्हणून शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. २००७ ते २०१५ या शहराचे महापौर आणि पुढे २०२४ पर्यंत पंतप्रधान असलेले आंतोनियो कोस्ता यांच्या घराण्याचं घर मडगावच्या आबाद फारिया रस्त्यावर आहे, हे बाबांनी हॉटेलच्या काउंटरवर, टॅक्सीत आणि औषधाच्या दुकानात सांगितलं. अनघा शाकाहारी, तिची सोय शहराच्या उत्तरेला लुमियारमधल्या राधाकृष्ण मंदिराच्या भोजनगृहात झाली. तिथली बरीच मंडळी मोझांबिकमार्गे आलेली गुजराती. बाबांनी इतक्या दिवसांनी वरणभात बघून ताटाला नमस्कार केला. बाहेरच्या हॉटेलांत मात्र एक लक्षात ठेवा, न मागता टेबलावर आलेले पाव, लोणी, ऑलिव्ह हे फुकट नसतात. नको असतील तर लगेच परत द्यायचे, त्यात कोणाला राग येत नाही.

ओरियेंत मेट्रो स्टेशनात उतरलो ते अनघाच्या आग्रहाने. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हे स्टेशन झालं तेव्हा देशोदेशींच्या चित्रकारांकडून टाइल्सवर चित्रं करून घेतली. त्यांत सय्यद हैदर रझा आहेत. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले आपले रझा, लिस्बनच्या फलाटावर. गाड्या येतात-जातात, लोक पाठ टेकून मोबाइल बघतात. तिकिटाशिवाय वेगळा खर्च नाही.

१२ जूनच्या रात्री सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात. सांत आंतोनची जत्रा. संत जन्माने लिस्बनचा, त्यामुळे अल्फामाच्या गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात, सार्डिनचा धूर टेकडी झाकून टाकतो, त्या भागातल्या ट्राम-बस बंद किंवा वळवलेल्या. आम्ही खालच्या खाली, कॅथेड्रलच्या अलीकडेच थांबलो. प्रत्येक टपरीवर बारीक पानांच्या तुळशीच्या कुंड्या विकायला, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. तिचा वास नाक लावून घ्यायचा नाही, पानांवरून हात फिरवून हात हुंगायचा, अशी रीत. बाबांनी ते न सांगताच केलं, कारण घरी वृंदावनाशी तेच करतात.

सिंत्राला अनघा एकटी गेली. रॉसियोहून लोकलने चाळीसेक मिनिटं. राजवाडे फारच वर आहेत आणि बसला गर्दी. पासष्टीपुढच्यांना रेल्वेत निम्मं भाडं पडतं, पासपोर्ट दाखवावा लागतो.

आम्ही दोघं त्या दिवशी काइश द सोद्रेच्या धक्क्यावर गेलो आणि नदीपलीकडच्या कासील्याशची बोट धरली. तेच हिरवं कार्ड, दहा मिनिटांचा प्रवास, चढ-उताराचा प्रश्नच नाही. लिस्बनमध्ये पैसे वसूल करणारी एकच सफर निवडायची तर मी हीच निवडीन. ऑफिसमधून घरी निघालेली माणसं बोटीत पेंगत होती, खिडक्यांना मिठाचे डाग. बाबा काचेला नाक लावून उभे. बोट सुटल्यावर त्यांनी तालात म्हणायला सुरुवात केली, “मिन्यो, दोरो, मोंदेगू, तेझू, ग्वादियाना.” शेजारच्या बाईने चमकून पाहिलं, हसली आणि तिनेही दोन-चार नावं पुढे जोडली. तिच्या शाळेत यादी लांब होती.

उजवीकडे लाल झुलता पूल दिसत होता. १९६६ मध्ये झाला तेव्हा तो हुकूमशहा सालाझारच्या नावाचा होता. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला त्या तारखेचंच नाव दिलं. बाबांच्या वर्गात सालाझारचा फोटो असायचा. मी हे सांगितल्यावर म्हणाले, “आमच्याकडे नुसता फोटो काढला, यांनी नावही काढलं. बरं केलं.” पलीकडे उतरून आम्ही भाजलेले मासे खाल्ले आणि पुढच्याच बोटीने परत आलो. बाबांना आणखी एक फेरी हवी होती. तीही मारली.

निघायचं विमान पहाटेचं होतं आणि मेट्रो साडेसहाला सुरू होते, त्यामुळे टॅक्सीच केली. शेंगेनबाहेर जाणाऱ्यांना आत पुन्हा पासपोर्ट तपासणी असते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. आपलं विमान दुसऱ्या टर्मिनलचं असेल तर पहिल्यावरून फुकट बस आहे. झॅपिंगचे थोडे पैसे उरले होते. कार्ड वर्षभर चालतं, म्हणून तिन्ही कार्डं आमच्या मजल्यावरच्या काकूंना दिली, त्यांची मुलगी ऑक्टोबरात जाणार होती. तिने सांगितलं की अल्फामात खोली बुक केली आहे, चौथा मजला. बाबांनी तिला बसवून घेतलं आणि कागदावर शहराचा नकाशा काढायला घेतला, आडवा नाही, उभा.